मधल्या जागेचा वाटा: योरुबा बाजारातील मध्यस्थ आणि एशू

ज्याने वस्तू पिकवली नाही किंवा घडवली नाही, आणि जो ती स्वतः वापरणारही नाही, त्याला तिच्या किमतीत वाटा घेण्याचा अधिकार कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न आधुनिक अर्थशास्त्राच्या कितीतरी आधीपासून धर्मचिंतनाने आणि तत्त्वचिंतनाने विचारलेला आहे. ॲरिस्टॉटलला केवळ पुढे विकण्यासाठी केलेली खरेदी निसर्गाविरुद्ध वाटली. कौटिल्याने व्यापाऱ्याचा नफा मान्य केला, परंतु देशी मालावर शेकडा 5 आणि परदेशी मालावर शेकडा 10 अशी मर्यादा त्याला घातली. आणि ‘दलाल’ हा मुळात वाट दाखवणारा असा अर्थ असलेला अरबी शब्द मराठीत आज तुच्छतेच्या सुराशिवाय क्वचितच उच्चारला जातो. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात आणि लगतच्या बेनिन देशात राहणाऱ्या योरुबा लोकांच्या पारंपरिक धर्मविचारात मात्र या प्रश्नाची सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून होते, कारण मधली जागा ही माणसाने लोभापायी शोधून काढली असे तेथे मानलेले नाही. ती विश्वाच्या रचनेतच आहे, तेथे एक देवता उभी आहे, आणि ती देवताही आपला वाटा घेते.

योरुबा भाषेत बाजाराला ‘ओजा’ म्हणतात. नगराचा मुख्य बाजार राजवाड्यासमोर भरत असे आणि त्याला ‘ओजा ओबा’, म्हणजे राजाचा बाजार, हे नाव असे. परंतु त्यातील रोजचा व्यवहार बहुतांशी स्त्रियांच्या हाती होता आणि आजही आहे, म्हणून बाजाराच्या प्रमुख स्त्रीला ‘इयालोजा’, शब्दशः बाजाराची आई, असे म्हटले जाते. या बाजारात शेतकऱ्याच्या घरापासून गिऱ्हाइकाच्या टोपलीपर्यंत माल ज्या हातांतून जातो त्या हातांना वेगवेगळी नावे आहेत. ‘अलाजापा’ ही दूरच्या खेड्यांच्या बाजारांत जाऊन धान्य, कंद, तेल असा माल गोळा करून शहरात आणणारी फिरती व्यापारी स्त्री होय. ‘अलाग्बाता’ म्हणजे घेऊन विकणारी, ही दुसऱ्याचा माल ठरल्या भावाने उचलते, तो विकून झाल्यावर मूळ धन्याचे पैसे पोहोचवते आणि वरची रक्कम स्वतःकडे ठेवते. या सर्वांत लहान प्रमाणावर काम करणारी ती ‘अलारोबो’, जिचे भांडवल कधी मिरच्यांच्या एका टोपलीएवढे किंवा सुरणासारख्या ‘याम’ नावाच्या कंदांच्या एका लहानशा ढिगाएवढे असते, आणि जी खेड्याच्या बाजारात, शेताच्या बांधावर किंवा बाजाराकडे येणाऱ्या वाटेवरच शेतकऱ्याकडून माल घेऊन तो जरा मोठ्या व्यापारी स्त्रीला किंवा थेट गिऱ्हाइकाला विकते. नियारा सुदर्कासा या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विदुषीने ओयो शहराजवळच्या आवे या गावी राहून योरुबा स्त्रियांच्या व्यापाराचा जो अभ्यास केला, आणि जो 1973 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्यात या श्रेणींचे बारकाईने वर्णन आलेले आहे. त्यावरून एवढे निश्चित कळते की या श्रेणी जन्माने ठरलेल्या नाहीत, आणि हाती थोडी पुंजी जमली की आजची अलारोबो उद्याची अलाजापा होऊ शकते.

अलारोबोचे काम समजण्यासाठी योरुबांची कालगणना ध्यानात घ्यावी लागते, कारण बाजार आणि उपासना ही दोन्ही तेथे एकाच मोजणीत बसवलेली होती. पारंपरिक योरुबा आठवडा चार दिवसांचा असून त्यातील एकेक दिवस एकेका ‘ओरिशा’चा, म्हणजे देवतेचा, असे: एक माणसाचा देह घडवणाऱ्या ओबातालाचा, एक भविष्यज्ञानाचा अधिपती ओरुन्मिला याचा, एक लोखंडाचा देव ओगुन याचा आणि एक वज्रधारी शांगोचा. पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजण्याच्या त्यांच्या रीतीमुळे चार दिवसांनी भरणाऱ्या बाजाराला ते पाच दिवसांचा बाजार म्हणत. शेजारशेजारच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या दिवशी भरत, म्हणून डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्या स्त्रीला एका फेरीत अनेक बाजार गाठता येत. आणि काल एका गावात मिरचीला काय भाव मिळाला, उद्या दुसऱ्या गावात पाऊस न थांबल्यास काय मिळेल, हे शेतकऱ्याला किंवा शहरातील गिऱ्हाइकाला जे ठाऊक नसे ते तिला ठाऊक असे. तिच्या डोक्यावरचे ओझे डोळ्यांना दिसते, हे ज्ञान दिसत नाही. आणि मध्यस्थाविषयीचा सारा नैतिक संशय या न दिसणाऱ्या मालाभोवतीच गोळा होतो.

आता एशूकडे वळता येईल. योरुबा श्रद्धेनुसार सर्वोच्च ईश्वर ओलोदुमारे हा दूर आहे. त्याच्या आणि माणसांच्या दरम्यान असंख्य ओरिशा आहेत. आणि माणसे, ओरिशा व ओलोदुमारे या सर्वांच्या मध्ये ये-जा करणारा जो आहे तो एशू. चव्हाटा, घराचा उंबरठा आणि बाजार ही त्याची स्थाने होत. बाजाराच्या तोंडाशी जांभ्या दगडाचा एक ओबडधोबड खडक, ज्याला ‘यांगी’ म्हणतात, त्याचे प्रतीक म्हणून ठेवला जाई आणि त्यावर पामतेल ओतले जाई. इफा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भविष्यकथनाच्या पद्धतीत ‘बाबालावो’, म्हणजे इफाचा जाणकार पुरोहित, ज्या कोरीव लाकडी ताटावर खुणा उमटवतो त्या ताटाच्या काठावर एशूचा चेहरा कोरलेला असतो आणि तो पुरोहिताकडे पाहत असतो. माणसाची अडचण काय आहे हे इफा सांगते, त्यावर कोणता ‘एबो’, म्हणजे नैवेद्य किंवा बळी, द्यावा तेही सांगते, पण तो एबो वर पोहोचवणे हे एशूचे काम. आणि प्रत्येक एबोतील एक भाग, मग तो कोणत्याही ओरिशाला अर्पण केलेला असो, एशूला काढून ठेवावा लागतो, नाहीतर तो पोहोचत नाही.

या श्रद्धेतील तात्त्विक आशय फार खोल आहे. देवाला अर्पण केलेल्या वस्तूतूनसुद्धा वाहणाऱ्याचा हिस्सा निघतो, आणि त्यामुळे अर्पण उणे झाले असे कोणी मानत नाही, याचा अर्थ असा की वस्तू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे ही स्वतःच एक घडवणूक आहे, असे या विचाराने धरलेले आहे. शेतात पडलेला कंद आणि शहरातील चुलीपाशी आलेला कंद या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिलीपासून दुसरी कोणीतरी घडवलेली आहे. योरुबा तत्त्वविचारात ‘आशे’ नावाची एक संकल्पना आहे, जिचा अर्थ घडवून आणणारी शक्ती असा सांगता येईल, आणि हा आशे एशूच्या ठायी विशेष रूपाने वसतो असे मानतात, ते याच कारणाने: इच्छा, वस्तू आणि ईश्वर ही तिन्ही आपापल्या जागी असूनही त्यांना जोडणारा नसेल तर काहीच घडत नाही. एशूच्या लाकडी मूर्तींवर कवड्यांच्या माळा लटकवलेल्या असतात, आणि कवडी हेच योरुबा बाजाराचे शतकानुशतकांचे चलन होते. 40 कवड्यांची एक माळ, 2,000 कवड्यांची एक मोठी रास आणि 20,000 कवड्यांची एक गोणी, जी एका माणसाचे ओझे भरे, अशी ती मोजली जात. यांतील पुष्कळशा कवड्या मालदीव बेटांजवळच्या समुद्रातून निघून हिंदी महासागरातील आणि युरोपातील व्यापाऱ्यांच्या अनेक हातांतून पश्चिम आफ्रिकेत पोहोचलेल्या होत्या, म्हणजे मराठी भाषेत ज्या वस्तूवरून ‘कवडीमोल’ हा शब्द निघाला तीच वस्तू तेथे देवाच्या गळ्यात होती, आणि तिला मोल आले होते ते मुख्यतः या लांबच्या वाहतुकीमुळे.

एवढ्यावरच हा विचार थांबला असता तर ते मध्यस्थाचे सरळ समर्थन ठरले असते, आणि त्यात धर्माने व्यापाऱ्याची बाजू घेतल्यापलीकडे काही उरले नसते. परंतु एशूविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा उलट दिशेने जाते. दोन जिवलग मित्रांची शेते शेजारी होती. एशू एके दिवशी दोन्ही शेतांच्या मधल्या बांधावरून चालत गेला, आणि त्याच्या डोक्यावर अशी टोपी होती की तिची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी बाजू दुसऱ्या रंगाची होती. संध्याकाळी दोघे मित्र त्या वाटसरूच्या टोपीच्या रंगावरून वाद घालू लागले, प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलेच सांगितले, आणि वाद हातघाईवर आला. या कथेचे अर्थ अनेक लावले गेले आहेत. अर्धवट सत्यावर हटून बसू नये असा एक, आणि एशूची आठवण न ठेवणाऱ्या मैत्रीची परीक्षा असा दुसरा. बाजाराच्या दृष्टीने पाहिले तर मात्र कथेतील बांध हीच सर्वांत बोलकी गोष्ट आहे. दोन्ही बाजूंचे मित्र खरे बोलत होते आणि दोघांनाही अर्धेच दिसत होते. संपूर्ण टोपी ठाऊक होती ती फक्त बांधावरून चालणाऱ्याला. शेतकऱ्याला विक्रीचा भाव दिसतो, गिऱ्हाइकाला खरेदीचा भाव दिसतो, आणि दोहोंमधील अंतर एकट्या मध्यस्थाला दिसते. ज्या जागेवरून दोन माणसे जोडता येतात त्याच जागेवरून ती तोडताही येतात, हे योरुबा धर्माने आपल्या मध्यस्थ देवतेच्या चरित्रातच लिहून ठेवले आहे.

म्हणून योरुबा दृष्टीने विचारायचा प्रश्न असा की मधल्या जागेवर उभे असलेल्याने त्या जागेचे काय केले. वाटा घेणे हा दोष ठरत नाही. वाट अडवणे हा दोष ठरतो. परंतु ही रेघ व्यवहारात कोठे ओढायची, हे ठरवणे सोपे नाही, आणि अलारोबोचे सर्वांत वादग्रस्त कृत्य नेमके या रेघेवर येते: बाजार भरण्याआधी, पहाटे, वाटेवर उभे राहून खेड्यातून येणाऱ्या स्त्रीचा माल बाजारात पोहोचण्यापूर्वीच विकत घेणे. इस्लामी धर्मशास्त्रात यासारख्या कृतीचा स्पष्ट निषेध आहे. बाजाराकडे येणाऱ्या तांड्याला वाटेतच गाठून त्याचा माल घेऊ नये, असे पैगंबरांचे वचन हदीसमध्ये नोंदलेले आहे, आणि त्याचे कारण शास्त्रकारांनी असे दिले की विकणाऱ्याला बाजारातील भाव कळण्यापूर्वीच त्याचा माल हातचा जातो; काही मतांनुसार अशा विक्रेत्याला बाजारात आल्यावर सौदा रद्द करण्याचाही अधिकार राहतो. हा विचार योरुबांना परका नाही, कारण त्यांच्यात मुसलमानांची संख्या मोठी आहे आणि इस्लाम तेथे युरोपीय मिशनऱ्यांच्या पुष्कळ आधी व्यापाराच्या वाटांनी आलेला आहे. म्हणजे एकाच बाजारात दोन नीतिविचार शेजारी बसलेले आहेत: एक वाटेवरच्या खरेदीकडे फसवणुकीची शक्यता म्हणून पाहतो, आणि दुसऱ्याची देवताच मुळी वाटेवर, चव्हाट्यावर उभी आहे.

या दोहोंपैकी कोणता विचार बरोबर, याचा निवाडा केवळ तत्त्वाने होत नाही. ज्या स्त्रीला ओझे उतरवून लगेच शेताकडे किंवा तान्ह्या मुलाकडे परतायचे आहे, तिला वाटेवर भेटलेली अलारोबो अर्धा दिवस मोकळा करून देते, आणि त्या अर्ध्या दिवसाची किंमत भावातील फरकापेक्षा अधिक असू शकते. परंतु हा हिशेब खरा ठरण्यासाठी विकणारीला भाव ठाऊक असला पाहिजे, आणि इस्लामी शास्त्रकारांनी बोट ठेवले ते याच ठिकाणी. त्यांचा आक्षेप एशूच्या टोपीच्या कथेशी विरोधी नाही, उलट तिचाच व्यावहारिक उपसिद्धान्त आहे, असे म्हणता येईल. योरुबा बाजाराने यावर जे उत्तर काढले ते कायद्याचे नव्हते, नात्याचे होते: तीच अलारोबो त्याच वाटेवर चार दिवसांनी पुन्हा उभी असते, तीच शेतकरीण पुन्हा येते, दोघींमध्ये ‘ओनिबारा’ म्हणजे नेहमीचे गिऱ्हाईक हे नाते जुळते, आणि एकदा लपवलेला भाव पुढच्या बाजारात उघड होऊन ते नाते तुटण्याचे भय दोघींवर सारखे राहते. हे उत्तर पूर्ण नाही. दुष्काळात, कर्जात किंवा पुरुषाच्या आजारपणात शेतकरणीला दुसरी वाट नसते, आणि अशा वेळी नात्याचे भय एकाच बाजूला उरते. धर्माने घडवलेली नीतीसुद्धा दोन्ही पक्षांना निवड करण्याची मोकळीक असेल तेव्हाच काम करते, हे येथे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

या नात्याचे दुसरे टोक उधारीत दिसते. अलाग्बाताला जो माल मिळतो तो बहुधा तारणाशिवाय मिळतो. तिच्यावर टाकलेला विश्वास हेच तिचे भांडवल असते. ‘एसुसू’ या नावाची, मराठी वाचकाला भिशीच्या रूपाने परिचित असलेली, पाळीपाळीने रक्कम उचलण्याची योजना योरुबांमध्ये जुनी आहे, आणि लहान व्यापारी स्त्रियांची पुंजी पुष्कळदा तिच्यातूनच उभी राहिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इजेशा या योरुबा गटातील जे फिरते कापडविक्रेते गावोगाव हप्त्याने कापड विकत, त्यांना ‘ओशोमालो’ हे नाव पडले, आणि त्याचा अर्थ पैसे मिळेपर्यंत उकिडवा बसून राहीन असा सांगितला जातो. धरणे धरणे ही जुनी रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नावातील ताकद वेगळी समजावून सांगायला नको. देणेदाराच्या दारात बसलेला विक्रेता आणि वाटेवर उभी असलेली अलारोबो ही दोघेही मधल्या जागेतील जोखीम स्वतःच्या शरीराने वाहतात, आणि हे त्यांच्या वाट्याच्या समर्थनार्थ मांडण्याजोगे सर्वांत सबळ कारण आहे. बाजारातील मापातही हीच नीती बारीक रूपाने दिसते. गारी, म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा, ‘कोंगो’ नावाच्या भांड्याने शीग लावून मोजतात, आणि माप पूर्ण झाल्यावर विकणारीने आणखी थोडा माल वर घालायचा असतो, ज्याला ‘एनी’ म्हणतात. भांड्याचा तळ आत ठोकून माप खोटे करणे जितके निंद्य तितकेच एनी न घालणे कंजूषपणाचे समजले जाते. मध्यस्थाने आपल्या वाट्यातून पुन्हा थोडासा वाटा काढून द्यावा, ही अपेक्षा एबोच्या रचनेची आठवण करून देणारी आहे.

एकोणिसाव्या शतकात या विचारावर बाहेरून मोठा आघात झाला, आणि तो शब्दाच्या मार्गाने झाला. बायबल योरुबा भाषेत आणताना, ज्या कामात सॅम्युएल अजायी क्राउदर या योरुबा धर्मोपदेशकाचा सर्वांत मोठा वाटा होता, सैतानासाठी ‘एशू’ हा शब्द योजला गेला. माणसांचे नैवेद्य वर पोहोचवणारी देवता अशा रीतीने ईश्वराच्या शत्रूच्या जागी जाऊन बसली. योरुबा धर्माचे ख्रिस्ती अभ्यासक बोलाजी इदोवू यांनी 1962 सालच्या आपल्या ग्रंथात हे समीकरण चुकीचे असल्याचे दाखवून, एशू हा ओलोदुमारेच्या वतीने माणसांच्या आचरणाची व उपासनेची तपासणी करणारा अधिकारी आहे, अशी मांडणी केली. तरीही बोलण्यातला रूढ अर्थ बदलला नाही. शब्दाबरोबर मधल्या जागेची प्रतिष्ठाही गेली असे सरळ कार्यकारण सिद्ध करता येणार नाही, परंतु पुढे वसाहतीच्या प्रशासनाने बाजारातील मध्यस्थ स्त्रियांविषयी जी भाषा वापरली तिचा सूर यापासून फार दूर नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लागोसमध्ये अन्नधान्याचे भाव सरकारने ठरवून दिले, तेव्हा टंचाईचा दोष नफेखोर व्यापारी स्त्रियांवर ठेवण्यात आला. एरेको बाजाराच्या प्रमुख अलिमोतू पेलेवुरा यांनी या भावनियंत्रणाला ठाम विरोध केला, आणि प्रत्यक्षात धान्य अधिकृत बाजारातून नाहीसे होऊन काळ्या बाजारात गेले. अबेओकुटा येथे युद्धकाळात अधिकाऱ्यांनी स्त्रियांचा तांदूळ जप्त केल्याची तक्रार, करांविषयीच्या असंतोषात मिसळून, फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांच्या नेतृत्वाखालील मोठ्या आंदोलनात परिणत झाली आणि 1949 साली तेथील राजाला पद सोडावे लागले. बाजारातील स्त्रियांची ही चळवळ राजकीय इतिहासात योग्य रीतीने गौरवली गेली आहे. तिच्या तळाशी मधल्या जागेचा नैतिक हक्क हाही एक प्रश्न होता, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

अर्थशास्त्रातून मध्यस्थांची बाजू मांडली ती पी. टी. बाउअर यांनी, 1954 सालच्या आपल्या पश्चिम आफ्रिकी व्यापारावरील ग्रंथात. जेथे भांडवल दुर्मीळ आणि माणसांचे श्रम विपुल असतात, तेथे माल गोळा करण्याचे आणि लहान भागांत वाटण्याचे काम अनेक लहान मध्यस्थांनी करणे हीच काटकसर होय, आणि त्यांची संख्या पाहून त्यांना निरुपयोगी समजणे चूक आहे, हा त्यांचा युक्तिवाद आजही ग्राह्य वाटतो. परंतु बाउअर यांच्या विवेचनात मध्यस्थ हा निर्दोष आहे, आणि वसाहतीच्या विवेचनात तो दोषी आहे. दोहोंतही एशूची टोपी कोठे नाही. योरुबा धर्माने मध्यस्थाला देवत्व दिले आणि त्याच देवतेच्या वागण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये हेही शिकवले, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवण्याची कठीण बौद्धिक शिस्त आधुनिक चर्चेत अभावानेच आढळते.

योरुबांमध्ये एक म्हण सर्वतोमुखी आहे, तिचा आशय असा की हे जग बाजार आहे आणि स्वर्ग हे घर आहे. तिचा नेहमीचा अर्थ वैराग्याचा लावला जातो: बाजारात कोणी वस्ती करत नाही, संध्याकाळी घरी परतावे लागते. पण म्हणीचे पहिले अर्धे वाक्य तितकेच गंभीरपणे घेतले तर असे दिसते की पृथ्वीवरचे सारे जगणे देवघेवीचे आहे, आणि देवघेवीत प्रत्येक जण कधी ना कधी दुसऱ्या दोघांच्या मध्ये उभा असतो; आई दोन पिढ्यांच्या मध्ये, पुरोहित माणूस आणि देव यांच्या मध्ये, शेतकरी माती आणि भूक यांच्या मध्ये. बाजारात जिवंत माणसांबरोबर परलोकातील आत्मेही माणसांचे रूप घेऊन वावरतात, अशी श्रद्धा आहे. अलारोबोच्या समोर भाव करणारे गिऱ्हाईक कोण आहे हे तिला निश्चित सांगता येत नाही, आणि माप भरताना हेही तिच्या मनात असते.

योरुबा प्रदेशात आणखी एक जुनी रीत होती. बाजारापासून दूर, वाटेच्या कडेला, फळांचे किंवा कंदांचे लहान लहान ढीग मांडून ठेवलेले असत आणि जवळ कोणीही नसे. प्रत्येक ढिगाशेजारी ठेवलेल्या खड्यांच्या संख्येवरून त्याचा भाव कळे, वाटसरू तेवढ्या कवड्या तेथे ठेवून माल उचले, आणि मालकीण संध्याकाळी शेतातून परतताना त्या गोळा करी. या विक्रीत अलारोबो नाही, अलाग्बाता नाही, विकणारीही नाही, आणि भाव सर्वांना सारखाच दिसतो. दिवसभर ते ढीग चार खड्यांच्या भरवशावर उघड्यावर राहत, आणि त्यांची जागा बहुधा दोन वाटा जेथे मिळतात तेथे, म्हणजे एशूच्या चव्हाट्यावर, निवडलेली असे.